साठवलेल्या रक्ताची साक्ष

१९३० च्या सुमारास अमेरिकेतल्या येल विद्यापीठात डॉ. जॉन रॉडमन पॉल ऱ्हुमॅटिक तापाच्या मागे लागले होते. घशाच्या दुखण्यापासून सुरू होऊन सांधे सुजवणारा आणि पुढे हृदयाच्या झडपा निकामी करणारा हा ताप तेव्हा पोरासोरांचा काळ होता. तो होतो तरी कशाने, याबद्दल पॉल यांचा एक तर्क होता. त्या काळी घटसर्पावर घोड्याचं सीरम टोचत. काही रोग्यांना ते मानवत नसे. आठ-दहा दिवसांनी अंगावर गांधी उठत, सांधे धरत, ताप येई. अशा रोग्यांचं सीरम मेंढीच्या तांबड्या पेशींवर टाकलं, की त्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांच्या गुठळ्या होत. ऱ्हुमॅटिक ताप हासुद्धा शरीराच्या अशाच बिथरण्याचा प्रकार असेल, तर त्याही रोग्यांच्या रक्तात मेंढीच्या पेशींविरुद्धची प्रतिपिंडं मिळायला हवीत.

ती मिळाली नाहीत. पॉल आणि त्यांचे सहकारी वॉल्स बनेल यांनी तुलनेसाठी इतर आजारांच्या माणसांचंही रक्त घेतलं होतं, आणि त्यातल्या एका नमुन्याने मात्र दोघांना थबकायला लावलं. सीरम मिठाच्या पाण्याने निम्मं पातळ करायचं, मग त्याच्या निम्मं, मग पुन्हा निम्मं, अशी नळ्यांची रांग लावायची आणि कुठल्या नळीपर्यंत गुठळ्या होतात ते पाहायचं, ही रीत. निरोगी माणसाचं सीरम पहिल्या दोन-चार नळ्यांतच दमतं. हे सीरम पुढे पुढे जातच राहिलं. तो रोगी होता ग्लँड्युलर फीव्हरचा, म्हणजे इन्फेक्शस मोनोन्यूक्लिओसिसचा. त्याच आजाराचे आणखी रोगी तपासले, तर तेच. १९३२ साली दोघांनी हे छापलं. आपल्याकडे एमबीबीएसला मायक्रोबायोलॉजी शिकलेल्या प्रत्येकाने ‘पॉल-बनेल टेस्ट’ हे नाव कधी ना कधी घोकलेलं असतं. ती टेस्ट दुसरंच काही शोधताना हाती लागली, हे मात्र त्याला बहुधा सांगितलेलं नसतं.

हा आजार तसा जुना. एमिल फायफर यांनी १८८९ मध्ये जर्मनीत त्याचं वर्णन केलं होतं. गळ्याला गाठी, घशात पांढरा थर, उतरायचं नाव न घेणारा ताप, सुजलेली प्लीहा, आणि ताप गेल्यावरही आठवडेच्या आठवडे अंगात त्राण नाही. बाल्टिमोरच्या स्प्रंट आणि एव्हान्स या डॉक्टरांनी १९२० मध्ये कॉलेजातल्या अशा रोग्यांच्या रक्तात विचित्र दिसणाऱ्या पांढऱ्या पेशी पाहिल्या आणि त्यावरून आजाराला मोनोन्यूक्लिओसिस हे नाव दिलं. त्या पेशी पाहून डॉक्टरांच्या मनात पहिली शंका यायची ती रक्ताच्या कर्करोगाची. अठरा-वीस वर्षांच्या मुलाच्या आईबापांना ती शंका ऐकवायची आणि वाट पाहत बसायचं. मेंढीच्या पेशींची ही साधी चाचणी आल्यावर किती घरांतला घोर मिटला असेल! पुढे शिकागोच्या इझ्रायल डेव्हिडसन यांनी १९३७ मध्ये गिनीपिगचं मूत्रपिंड आणि बैलाच्या रक्तपेशी वापरून तिच्यातल्या चुका गाळल्या, आणि आणखी पुढे मेंढीच्या जागी घोड्याच्या पेशी येऊन काचपट्टीवर दोन-तीन मिनिटांत निकाल मिळू लागला.

पण या चाचणीला एक मोठं व्यंग होतं. घरात चोर शिरला की शेजारचा कुत्रा भुंकतो. भुंकण्यावरून चोरी झाल्याचं कळतं, चोर कोण ते कळत नाही. मेंढीचा या आजाराशी काडीचा संबंध नव्हता. शरीर कशाशी तरी लढताना ही भलतीच प्रतिपिंडंही तयार करत होतं. ते ‘कशाशी तरी’ म्हणजे काय, हे पुढची छत्तीस वर्षं कुणालाही सांगता आलं नाही. अमेरिकेतल्या अल्फ्रेड एव्हान्स यांनी रोग्यांचं रक्त आणि घशातला स्राव स्वयंसेवकांना देऊन आजार होतो का ते पाहिलं. होईना. लष्करी डॉक्टर रॉबर्ट होगलंड यांनी वेस्ट पॉइंटच्या सैनिकी अकादमीतल्या कॅडेटांच्या तारखा जुळवून १९५५ मध्ये मांडलं, की हा आजार चुंबनातून, लाळेवाटे पसरत असावा. मार्ग दिसला, वाटसरू दिसेना.

पॉल यांनी तोवर दुसरं एक काम हाती घेतलं होतं, आणि माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण त्या कामात आहे. एखादा विषाणू एखाद्या वस्तीत केव्हा येऊन गेला, हे त्या वस्तीच्या रक्तातून वाचता येईल, असं त्यांनी धरलं. अलास्काच्या उत्तर टोकाला राहणाऱ्या एस्किमो लोकांचं सीरम त्यांनी पोलिओच्या एका जातीच्या विषाणूसाठी तपासलं. साधारण विशीच्या पुढच्या माणसांत प्रतिपिंडं होती, त्याखालच्यांत जवळजवळ नव्हतीच. म्हणजे विषाणू वीसेक वर्षांपूर्वी येऊन गेला आणि नंतर फिरकला नाही. कुणाची दप्तरं चाळली नाहीत, कुणाला आठवणी विचारल्या नाहीत. दंडातून काढलेल्या थोड्या रक्ताने गावाचा इतिहास सांगितला. हे १९५० मध्ये छापून आलं. रक्त जपून ठेवावं, आज प्रश्न माहीत नसला तरी उद्या तो विचारता येतो, ही समज येलमध्ये पॉल यांच्यापासून रुजली. त्यांच्याच तालमीतले जेम्स नीडरमन १९५८ पासून येलमध्ये नव्याने दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांचं रक्त घेऊन सीरम गोठवून ठेवू लागले. पुढे कुणाला ग्लँड्युलर फीव्हर झाला, की पुन्हा रक्त. आजाराआधीचं आणि आजारानंतरचं, अशी जोडी. कुपीवर नाव, तारीख, आणि फ्रीझर. तपासायचं कशासाठी, ते तेव्हा माहीत नव्हतं.

आजाराचा तो न दिसणारा वाटसरू शोधायला आता युगांडात जायला हवं. कंपाला शहरातल्या मुलागो हॉस्पिटलात १९५७ साली डेनिस बर्किट या आयरिश सर्जनला एक लहान मुलगा दाखवण्यात आला. त्याचा जबडा वर-खाली, दोन्ही बाजूंना सुजला होता. थोड्याच दिवसांत दुसऱ्या गावी तसंच दुसरं मूल दिसलं. बर्किट यांचा एक डोळा लहानपणीच अपघातात गेला होता; उरलेल्या एका डोळ्याने या माणसाने जे पाहिलं, ते दोन डोळ्यांच्या शेकडो डॉक्टरांच्या नजरेतून निसटलं होतं. हा वेगळाच कर्करोग होता, आणि तो आफ्रिकेच्या ठराविक पट्ट्यातच आढळत होता. १९६१ मध्ये दोन मित्रांना बरोबर घेऊन, जुनी गाडी घेऊन त्यांनी दहा हजार मैलांचा प्रवास केला आणि कुठल्या इस्पितळात अशी मुलं येतात, कुठल्या इस्पितळात येत नाहीत, याचा नकाशा काढला. उंच डोंगराळ आणि कोरड्या मुलखात हा रोग नव्हता. डासांच्या मुलखासारखाच तो नकाशा दिसला.

त्याच वर्षी २२ मार्चला बर्किट यांनी लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात व्याख्यान दिलं. श्रोत्यांत अँथनी एप्स्टाइन होते. कोंबड्यांना कर्करोग करणाऱ्या विषाणूवर काम करणारा हा तरुण डॉक्टर. हवामानावर अवलंबून असणारा कर्करोग म्हणजे मागे विषाणू असणार, हे त्यांनी तिथल्या तिथे ओळखलं. मग दोन वर्षं युगांडाहून गाठीचे तुकडे रात्रीच्या विमानाने लंडनला येत राहिले आणि एप्स्टाइन यांच्या हाती काही लागेना. ५ डिसेंबर १९६३ रोजी धुक्यामुळे विमान मँचेस्टरला वळवावं लागलं. नमुना उशिरा पोचला तेव्हा बाटलीतलं द्रव गढूळ झालं होतं. सडलं म्हणून कुणीही ओतून दिलं असतं. एप्स्टाइन यांनी थेंबभर सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. गढूळपणा जंतूंचा नव्हता. गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी त्यात तरंगत होत्या. यव्होन बार आणि त्यांनी त्या पेशी वाढवल्या, आणि २४ फेब्रुवारी १९६४ रोजी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्यांत विषाणू दिसला, हर्पिसच्या घराण्यातला. नमुना जळून जाईल या भीतीने एप्स्टाइन यांनी यंत्र बंद केलं आणि बाहेर बर्फात एक फेरी मारून मगच ते पुन्हा पाहायला आले. एप्स्टाइन, त्रिनिदादहून आलेले बर्ट अचोंग आणि बार यांचा शोधनिबंध २८ मार्चच्या ‘लॅन्सेट’मध्ये आला. विषाणूला पुढे एप्स्टाइन-बार हे नाव पडलं.

विषाणू दिसला, पण तो कुणात आहे आणि कुणात नाही हे कसं सांगणार? कोंबडीच्या अंड्यांत तो वाढेना, दुसऱ्या पेशींत शिरेना. पेशी फिलाडेल्फियाच्या मुलांच्या हॉस्पिटलात वेर्नर आणि गर्ट्रूड हेन्ले या पतिपत्नीकडे गेल्या. दोघंही नाझी राजवटीत जर्मनी सोडून आलेली. वेर्नर यांचे आजोबा याकोब हेन्ले. मूत्रपिंडातल्या ज्या वळणाला ‘हेन्लेचं वळण’ म्हणतात ते त्यांच्या नावाचं. या दांपत्याने १९६६ मध्ये जी रक्तचाचणी बसवली, ती मला आजही सुंदर वाटते. गाठीच्या पेशी काचपट्टीवर पसरायच्या, वाळवायच्या, ॲसिटोनमध्ये बुडवून जागच्या जागी पक्क्या करायच्या. त्यावर माणसाच्या सीरमचा थेंब. सीरमात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं असतील तर ती पेशींतल्या विषाणूला जाऊन चिकटतात. नसतील तर धुताना सगळं वाहून जातं. मग दुसरा थेंब: माणसाच्या प्रतिपिंडांनाच चिकटणारी, प्राण्यात तयार केलेली प्रतिपिंडं, आणि त्यांना जोडलेला फ्लुओरेसीन हा रंग. पुन्हा धुवायचं, खोली अंधारी करायची आणि अतिनील प्रकाशात पट्टी पाहायची. विषाणूची ओळख असलेल्या रक्तात काळोखात हिरव्या ठिणग्यांसारख्या पेशी चमकतात. ओळख नसलेल्या रक्तात अंधारच राहतो.

आफ्रिकेतल्या आजारी मुलांचं सीरम लावलं, पेशी चमकल्या. अपेक्षित होतं. मग तुलनेसाठी फिलाडेल्फियातल्या धडधाकट माणसांचं सीरम लावलं. त्यानेही पेशी चमकल्या! ज्यांनी आफ्रिका नकाशातच पाहिली होती, ज्यांना गाठ सोडा, साधा ताप आल्याचंही आठवत नव्हतं, अशा बहुतेक प्रौढांच्या रक्तात तीच प्रतिपिंडं. डासांच्या मुलखातला म्हणून शोधलेला विषाणू घरोघरी राहत होता. तो कोणता आजार करतो, की काहीच करत नाही, याचा पत्ता लागेना.

पत्ता लागला तो प्रयोगशाळेतल्याच एका तरुण तंत्रज्ञ मुलीमुळे. तिथल्या थोड्या ‘निगेटिव्ह’ लोकांपैकी ती एक. म्हणून तुलनेसाठी तिचं रक्त वारंवार घेतलं जाई. तिच्या पांढऱ्या पेशी काचपात्रात वाढवायचा प्रयत्नही वारंवार होई आणि त्या मरून जात. ऑगस्ट १९६७ मध्ये ती आजारी पडली. घसा, ताप, गाठी, ग्लँड्युलर फीव्हर. बरी होऊन परत आल्यावर सवयीने तिचं रक्त काढलं. पट्टी चमकली. आणि आजवर न टिकलेल्या तिच्या पेशी या वेळी वाढतच राहिल्या, आत विषाणू घेऊन. शास्त्रज्ञांच्या चरित्रांत नाव येतं ते हेन्लेंचं. पण कामाच्या धबडग्यात ज्या मुलीने महिनोन् महिने हात पुढे केला, तिच्या रक्ताविना ही गोष्ट इथेच अडली असती.

एका माणसावरून सिद्ध काहीच होत नाही. आजाराच्या आधीचं आणि नंतरचं रक्त अनेकांचं हवं होतं. असं रक्त कुणाकडे असणार? येलच्या फ्रीझरमध्ये ते दहा वर्षं पडून होतं. नीडरमन आणि रॉबर्ट मॅककॉलम यांनी कुप्या फिलाडेल्फियाला धाडल्या. कुठली आधीची आणि कुठली नंतरची, हे हेन्लेंना न सांगता. निकाल आला आणि तारखांशी ताडून पाहिला. ज्यांना पुढे आजार झाला, त्यांच्या आधीच्या रक्तात प्रतिपिंडं नव्हती. नंतरच्या रक्तात होती. आणि ज्यांच्या रक्तात ती दाखल होतानाच होती, त्यांना हा आजार झालाच नाही. अल्फ्रेड एव्हान्स यांच्या स्वयंसेवकांना तो का झाला नव्हता, याचंही उत्तर त्यात होतं: बहुतेकांची या विषाणूशी आधीच भेट झालेली होती. १९६८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. जॉन पॉल तेव्हा हयात होते. १९३२ मध्ये मेंढीच्या पेशींनी घातलेलं कोडं आपल्याच विद्यापीठातल्या कुप्यांनी सोडवलेलं त्यांना पाहायला मिळालं. १९७१ मध्ये ते गेले.

यानंतर चाचणी बारकाव्यांत शिरली, आणि वाचकांनी हे थोडं समजून घ्यावं, कारण आज पुण्या-मुंबईतल्या पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टवर हीच नावं छापून येतात. विषाणूच्या कवचाविरुद्धचं ‘व्हीसीए आयजीएम’ नव्या संसर्गात उगवतं आणि काही आठवड्यांत मावळतं. ‘व्हीसीए आयजीजी’ जन्मभर राहतं. पेशीच्या केंद्रकातल्या प्रथिनाविरुद्धचं ‘ईबीएनए’ दोन-चार महिन्यांनी येतं आणि तेही जन्मभर टिकतं. आयजीएम नाही, आयजीजी आहे, ईबीएनए आहे, म्हणजे गाठभेट जुनी. जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांचा रिपोर्ट असाच येईल. आपल्यासारख्या दाटीच्या देशात ही भेट बहुधा पाळण्यातच होते: एका ताटात जेवताना, मुका घेताना. तान्ह्या वयात विषाणू गुपचूप येतो. उशिरा, तरुणपणी गाठला तरच तो ग्लँड्युलर फीव्हर होऊन अंगावर येतो. म्हणूनच आपल्या दवाखान्यांत तो कमी दिसतो आणि दिसला तर पटकन ओळखू येत नाही. घसा लाल बघून ॲम्पिसिलिन दिलं, की अशा रोग्यांपैकी अनेकांच्या अंगावर पुरळ उठतं आणि औषधाची ॲलर्जी म्हणून शिक्का बसतो, तोही कायमचा.

पण निरुपद्रवी भासणाऱ्या या विषाणूला दुसरी बाजूही आहे. फ्रेंच संशोधक गी द थे यांनी १९७० च्या दशकात, इदी अमीनच्या राजवटीत, युगांडाच्या वेस्ट नाइल जिल्ह्यात ४२,००० मुलांचं रक्त जमवलं आणि वाट पाहिली. १९७८ मध्ये निष्कर्ष आला: ज्या मुलांच्या साठवलेल्या रक्तात कवचाविरुद्धची प्रतिपिंडं फार चढलेली होती, त्यांना बर्किटच्या कर्करोगाचा धोका सुमारे तीसपट होता. दक्षिण चीनमध्ये नाकामागच्या घशाचा कर्करोग पुष्कळ. तिथे झेंग यी यांनी याच विषाणूविरुद्धच्या ‘आयजीए’ प्रतिपिंडांवरून लोकांची छाननी केली आणि दुखणं जाणवण्याआधीच रोगी हुडकले. हा कर्करोग आपल्या नागालँडमध्येही मोठ्या प्रमाणावर आढळतो.

आणि शेवटची साक्ष अगदी अलीकडची. अमेरिकी सैन्यात जवानांचं रक्त साधारण दर दोन वर्षांनी एचआयव्हीसाठी तपासतात आणि उरलेलं सीरम गोठवून ठेवतात. हार्वर्डचे क्येटिल ब्योर्नेविक आणि अल्बर्टो आशेरिओ यांनी १९९३ ते २०१३ या काळातल्या एक कोटीहून अधिक जवानांच्या नोंदींतून मल्टिपल स्क्लेरोसिस झालेले शोधले. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं वेष्टन झिजवणारा हा रोग ऐन तारुण्यात माणसाला खुर्चीला खिळवू शकतो. ८०१ रोग्यांचं पुरेसं रक्त मिळालं. त्यांपैकी ३५ जणांच्या पहिल्या नमुन्यात एप्स्टाइन-बार विषाणूची प्रतिपिंडं नव्हती. रोग सुरू होण्याआधी त्यांतल्या ३४ जणांच्या रक्तात ती आली होती. या विषाणूच्या संसर्गानंतर रोगाचा धोका ३२ पटींनी वाढलेला दिसला. त्याच घराण्यातल्या, तसाच पसरणाऱ्या सायटोमेगॅलो विषाणूच्या बाबतीत असं काहीच दिसलं नाही. जानेवारी २०२२ मध्ये हे ‘सायन्स’मध्ये छापून आलं. एप्स्टाइन तेव्हा शंभर वर्षांचे होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते वारले.

या विषाणूवरची लस अजून बाजारात नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत बेथेस्डा इथे एका प्रायोगिक लशीची पहिली मानवी चाचणी सुरू झाली, १८ ते २९ वयाच्या ४० निरोगी स्वयंसेवकांवर. त्यांतल्या निम्म्यांना विषाणू आधी होऊन गेलेला हवा होता आणि निम्म्यांना झालेला नको होता. कुणाला कुठल्या गटात घ्यायचं, हे त्यांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांवरून ठरलं.